पोट साफ होत नाही, द्या काहीतरी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमची श्रावण विशेष पुरवणी बघितली. साबुदाणा खिचडी, साबुदाणा वडे, साबुदाण्याची खीर, बटाट्याचा कीस, बटाट्याचा चिवडा, आणि पान उलटलं तर मागे अर्धं पान जाहिरात, रात्री एक चमचा घ्या सकाळी पोट एकदम साफ. ज्याने कोणी पानं लावलीत त्याला सलाम, एका बाजूला दुखणं दुसऱ्या बाजूला औषध. मी लालबागला मेडिकल चालवतो, डी.फार्म आहे, डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकतो. पण पोट या विषयावर काउंटरमागे उभं राहून जेवढं ऐकायला मिळतं तेवढं डॉक्टरलाही मिळत नसेल कारण तिथे लोक लाजतात. आमच्याकडेही सरळ सांगत नाहीत, आधी डोकेदुखीची गोळी मागतात, मग शेजारचं गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच टूथपेस्ट बघत बसतात आणि मग वाकून हळूच, "पोट साफ होत नाही हो, द्या काहीतरी."

संकष्टी, श्रावणी सोमवार, आषाढी एकादशी, यांच्या दुसऱ्या तिसऱ्या दिवशी ही गर्दी हमखास वाढते. उपवासाला माझा विरोध नाही, घरी आई अजून चातुर्मास पाळते. पण साबुदाणा म्हणजे काय हे कुणी बघतच नाही. टॅपिओकाच्या कंदातला स्टार्च काढून, धुऊन, त्याचे गोळे करून भाजलेले असतात, चोथा, म्हणजे फायबर, सगळा कारखान्यातच राहतो. खिचडीत दाण्याचं कूट पडतं म्हणून थोडं तरी फायबर जातं पोटात, नाहीतर शून्यच म्हणा. त्यात उपवास म्हणून दिवसभर पाणी कमी आणि चहा चार वेळा. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते खाण्याच्या बाबतीत खरंय, फायबरच्या बाबतीत उलटं, निम्म्याहून कमी होतं. तुमच्या पुरवणीत राजगिरा फक्त लाडवाच्या फोटोत होता. त्यात 100 ग्रॅमला सातेक ग्रॅम फायबर आहे, त्याचं थालीपीठ होतं, रताळं सालासकट उकडून खाता येतं, काकडी उपवासाला चालते. हे कुणी छापत नाही.

बरं नुसतं उपवासाचं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली आपल्या खाण्यातल्या पदार्थांचे तक्ते काढलेत, त्यात 100 ग्रॅमचे आकडे असे आहेत की मैद्यात फायबर 2.8 ग्रॅमच्या आसपास, पॉलिश केलेल्या कच्च्या तांदळातही तेवढंच, आणि चक्कीवरच्या गव्हाच्या पिठात 11.4, ज्वारीत 10.2, बाजरीत 11.5, नाचणीत 11.2. म्हणजे चौपट फरक. आता मुंबईकराचा दिवस बघा, सकाळी चहा-खारी नाहीतर चहा-बटर, मैदा. अकराला वडापाव, पाव मैदाच. दुपारी डब्यात भात जास्त भाजी चमचाभर, संध्याकाळी स्टेशनबाहेर समोसा नाहीतर फ्रँकी, परत मैदा, रात्री दमून आल्यावर डाळभात. आणि फायबर रोज किती खायला सांगितलंय तर 2,000 कॅलरीच्या जेवणाला 30 ग्रॅम, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला किमान 25 म्हणते. वरच्या दिवसाचा हिशोब करून बघा, पंधरा भरले तरी नशीब. एका वडापावात तीनेक ग्रॅम जेमतेम निघतील तेही बटाटा आणि बेसनाच्या जिवावर. मिसळ त्या मानाने बरी हो, मटकी असते ना, तर्री जपून घेतली आणि पाव एकच घेतला तर मिसळीवर माझा काही आक्षेप नाही (हे डॉक्टरांना सांगू नका).

केळ्याचं एक सांगतो. प्रत्येक जण म्हणतो मी रोज केळं खातो तरी होत नाही. अहो केळ्यात 100 ग्रॅमला दोन ग्रॅमही फायबर नाही, आणि कच्चट असेल तर काहींना उलट खडा होतो. पेरूत आठच्या आसपास आहे, गवार भेंडीत चार-पाच, अख्ख्या हरभऱ्यात 25. आमच्या कोकणातल्या लोकांनी नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि ताक सोडलं ते इथे मुंबईत येऊन, गावाला अजून आहे. गंमत म्हणजे गावाला गेलेली माणसं गणपतीनंतर परत येऊन सांगतात की तिकडे पोट छान होतं, इथलं पाणीच लागत नाही. पाण्याचा काही दोष नाही, तिकडे वेळ असतो आणि ताटात भाजी असते.

फायबर करतं काय तर ते लहान आतड्यात पचत नाही, तसंच पुढे मोठ्या आतड्यात जातं, तिथे पाणी धरून ठेवतं त्यामुळे मळ मऊ आणि जाड राहतो, आणि काही भाग तिथले जिवाणू खातात, त्यातून जे आम्ल तयार होतं ते आतड्याच्या अस्तराचं अन्न. डेनिस बर्किट म्हणून आयरिश सर्जन होते, युगांडात वर्षानुवर्षं काम केलं, त्यांनी आणि दोघा सहकाऱ्यांनी 1972 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की आफ्रिकेतल्या खेड्यातल्या लोकांचा मळ वजनाने जास्त आणि अन्न आतड्यातून बाहेर पडायला वेळ कमी, इंग्लंडमधल्या लोकांचं बरोब्बर उलटं. सर्जन माणूस लोकांचा मळ वजन करत बसला, आपल्याकडे कुणी केलं असतं तर घरच्यांनी घराबाहेर काढलं असतं. पण एकदम जास्त फायबर खाऊ नका हेही सांगतो, सोमवारी ठरवलं आणि मंगळवारपासून कोंडा, मोड आलेली कडधान्यं, सॅलड सगळं सुरू, मग गॅस होतो, पोट फुगतं आणि गुरुवारी परत माझ्याकडे गॅसच्या गोळीला. दोन-तीन आठवडे हळूहळू वाढवा, आणि पाणी वाढवलं नाही तर फायबरनेच जास्त घट्ट होतं.

आता औषधांचं, जे मला खरं लिहायचंय. जाहिरातीतली बरीच चूर्णं असतात ना त्यांच्या डब्यावर मागे बारीक अक्षरात बघा, सोनामुखी लिहिलेलं सापडेल. सोनामुखी किंवा आमच्याकडची बिसाकोडिलची गोळी, ही आतड्याला ढकलणारी औषधं. अडीनडीला घ्यायला ठीक आहेत. पण होतं काय की गोळी घेतली, सकाळी सगळं आतडं रिकामं झालं, माणूस खूश. आता रिकामं झालेलं आतडं परत भरायला दोन दिवस लागणारच ना, तर दुसऱ्या दिवशी काही होत नाही कारण आत काही नाहीच आहे, माणसाला वाटतं परत कोठा अडकला, परत गोळी. असं करत करत काका लोक रोज रात्री घ्यायला लागतात, मग पोटात कळ, पातळ होणं, आणि फार दिवस फार घेतलं तर अंगातलं पोटॅशियम कमी होतं, वयस्कर माणसाला ते महागात पडतं. त्यात बिसाकोडिल लोक दुधाबरोबर घेतात! त्या गोळीवरचं कोटिंग जठरात विरघळू नये, पुढे आतड्यात विरघळावं म्हणूनच केलेलं असतं, दूध नाहीतर अँटासिड बरोबर घेतलं की ते आधीच उघडतं आणि मग पोटात मुरडा. हे सांगितलं की मावशी माझ्याकडे संशयाने बघतात, दूध तर चांगलं ना म्हणून.

त्यापेक्षा इसबगोल बरं, ते ढकलत नाही, फायबरच आहे. पण तेही लोक अर्ध्या कप पाण्यात लगदा करून चमच्याने खातात. मोठा ग्लासभर पाणी, टाकलं की लगेच पिऊन टाका, वर अजून थोडं पाणी, नाहीतर घशातच फुगतं, म्हाताऱ्या माणसांना ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. आणि बाकीच्या औषधांत नि त्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

दुसरं म्हणजे कधीकधी कारण ताटात नसतं, प्रिस्क्रिप्शनमध्ये असतं. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, ॲल्युमिनियमवालं अँटासिड, यांनी घट्ट होतं. डायबेटिसच्या मेटफॉर्मिनने काहींना सुरुवातीला पातळ होतं. शुगर फ्री मिठाईत सॉर्बिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असेल तर चार पेढ्यांत धावपळ होते आणि दोष बिचाऱ्या हलवायाला जातो. दूध ज्यांना पचत नाही, आणि आपल्याकडे मोठ्या वयात असे खूप जण असतात, त्यांना सकाळच्या ग्लासभर दुधाने गुडगुड होते पण दही-ताक चालतं. लोहाच्या गोळीने मळ काळा होतो, बीटाने लाल दिसतो, यात घाबरण्यासारखं नाही. पण खरंच रक्त पडत असेल, वजन आपोआप कमी होत असेल, पन्नाशीच्या आसपास अचानक सवय बदलली आणि काही आठवडे तशीच राहिली, तर मूळव्याधच असेल म्हणून माझ्याकडे मलम मागू नका, डॉक्टरकडे जा, मी देणारही नाही.

आणि रोज झालंच पाहिजे हा एक हट्ट असतो, तो कुणी डोक्यात भरवलाय माहीत नाही, बहुतेक जाहिरातींनीच. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यात कुठेही असलं, जोर करावा लागत नसेल, खडे होत नसतील तर ते नॉर्मलच आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या लोकांनी 1997 साली मळाचे सात प्रकार चित्र काढून छापले, एक म्हणजे सुटे खडे, सात म्हणजे पाणी, तीन नि चार चांगले. डॉक्टर तो तक्ता वापरतात. तुमच्या पुरवणीत राशिभविष्याच्या शेजारी छापलात तर लोकांना जास्त उपयोग होईल, अर्थात जाहिरातवाले चिडतील.

शेवटचं म्हणजे वेळ. सकाळी उठल्यावर आणि काहीतरी खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हालचाल करतं, चहा प्यायल्यावर जावंसं वाटतं ते त्यामुळेच. ती हाक आली की जायचं असतं. पण बदलापूर-विरारहून येणारा माणूस सहाच्या आधी घर सोडतो, त्याला ती हाक येते तेव्हा तो डब्यात दरवाज्यापाशी एका पायावर उभा असतो, लोकलला संडास नाही. मग दाबून ठेवतो. दाबलं की आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, मळ अजून घट्ट होतो आणि काही दिवसांनी हाकच येईनाशी होते. आमच्या इथे चाळीत कॉमन संडास होते तेव्हा बाहेर बादली घेऊन रांग असायची, आतला माणूस गाणं म्हणायला लागला की बाहेरून दार वाजायचं, कोण शांतपणे बसणार. आता टॉवर झाले, घरात दोन-दोन टॉयलेट, पण वेळ तेवढाच, आणि आत मोबाइल घेऊन बसणारे वेगळेच, ते अर्धा तास बसतात आणि मूळव्याध घेऊन उठतात.

बायकांचं याहून वाईट. परळच्या ऑफिसात काम करणाऱ्या एक ताई नेहमी येतात, मी म्हटलं पाणी वाढवा, तर म्हणाल्या, "भाऊ, सकाळी घरून निघाल्यापासून ऑफिसला पोचेपर्यंत मी पाणीच पीत नाही, प्यायले तर जाऊ कुठे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, इसबगोलचं पाकीट होतं पण तेही पाण्याशिवाय उपयोगाचं नाही. राइट टू पी, म्हणजे बायकांना बाहेर लघवीची सोय हवी म्हणून चाललेली मोहीम, त्यातल्या बायकांनी 2011 पासून हे मांडलंय, बातम्याही आल्या, तरी कितीतरी ठिकाणी बायकांच्या संडासाला कुलूप नाहीतर आत पाणी नाही नाहीतर दिवा नाही. तेव्हा पाककृतींचं तुमचं तुम्ही बघा, पण एक काम नक्की करा, तुमच्या एका महिला रिपोर्टरला सकाळी साडेआठच्या सुमारास मध्य रेल्वेच्या कल्याण ते सीएसएमटी प्रत्येक स्टेशनवर उतरवा, बायकांसाठीचा संडास कुठे आहे, उघडा आहे का, नळाला पाणी आहे का, पैसे किती घेतात, एवढं लिहून आणायला सांगा आणि ते अर्धं पान जाहिरातीच्या जागी छापा. छापलंत तर त्याची झेरॉक्स मी दुकानाच्या काचेवर लावेन, आमच्या ताई रोज तिथूनच जातात.

आपला,
एक केमिस्ट, लालबाग