जोडी आली म्हणून खेळायचंच असं नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीत पोकरवर जे आलंय ते वाचलं, बाकी सगळं ठीक आहे पण "हातात जोडी आली की सोडू नका" हे वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. एक्क्यांची जोडी आणि दुर्रीची जोडी यांना एकच नियम कसा काय लावता? नवीन खेळणारा बिचारा तासाभरात चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) वाटून मोकळा होईल.

होल्डेममध्ये (पोकरचा तो प्रकार, हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच) हातात कुठलीही जोडी साधारण 17 डावांत एकदा येते, त्यामुळे कितीतरी वेळ भिकार पानं बघून कंटाळलेल्या माणसाला चारची जोडी दिसली तरी लॉटरी लागल्यासारखं वाटतं, मीही त्यातलाच होतो. पण फ्लॉपवर (टेबलावर एकदम उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत) तिसरा चार येऊन सेट (एकाच आकड्याची तीन पानं) लागायचा चान्स 11.8 टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. बाकी वेळा टेबलावर मोठी पानं पडलेली असतात, समोरचा बेट मारतो (पैसे लावतो) आणि आपण "तो ब्लफ करत असेल" असं मनाला समजावत कॉल करत (तेवढेच पैसे भरत) बसतो, जेव्हा की टर्नला (टेबलावरच्या चौथ्या पानाला) आपल्याला वाचवणारी पानं न दिसलेल्या 47 मध्ये फक्त 2 असतात!

आणि पुढे असलो तरी ही जोडी टिकतेच असं नाही. माझ्याकडे चारची जोडी, समोर एक्का-गुलाम. फ्लॉप 9, 9, 7, टर्नला राजा, तोपर्यंत मीच पुढे. रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) परत राजा. मी खुशीत जोडी दाखवली तर टेबलावरच राजे आणि नव्वे अशा दोन जोड्या, हातातली आणि टेबलावरची मिळून सगळ्यात भारी पाचच पानं धरतात, त्यामुळे माझे चार हिशोबातच नाहीत, माझं पाचवं पान 7 आणि त्याचं एक्का. घरी येऊन मोजलं तर शेवटच्या पानाआधी उरलेल्या 44 पैकी 12 पानं त्याच्या कामाची होती. चारऐवजी दहाची जोडी असती तर तो राजा मला काहीच करू शकला नसता.

म्हणून छोटी जोडी, म्हणजे दुर्रीपासून सहापर्यंत धरा, ती स्वस्तात फ्लॉप बघायला मिळत असेल तरच घ्यावी. 100 चा कॉल असेल तर नुसतं बरोबरीत सुटायला सेट लागलेल्या वेळी सरासरी साडेसातशे मिळायला पाहिजेत, आणि समोरचा दरवेळी देतो थोडीच, कधी त्याच्याकडेही काहीच नसतं, कधी आपला सेट लागूनही त्याचा मोठा निघतो. त्यामुळे मागे कॉलच्या निदान पंधरापट चिप्स असल्याशिवाय मी कॉल करत नाही. हे मोजताना दोघांत ज्याचा ढीग छोटा तोच धरायचा, आपल्यापुढे डोंगर असून उपयोग काय. आधी बोलावं लागतं अशा पहिल्या-दुसऱ्या जागेवर बसलो असू तर मागून कोणी रीरेज करेल (रक्कम आणखी वाढवेल) ही भीती असतेच, तिथे दुर्री-तिर्रीची जोडी मी बिनधास्त फोल्ड करतो (पानं टाकून देतो), लोक हसतात, हसू देत. शेवटच्या जागेवर असताना दोघं-तिघं नुसता ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीची ठरलेली सक्तीची रक्कम) भरून आले असतील तर मात्र जरूर खेळावी.

एक गोष्ट मान्य, टुर्नामेंटमध्ये दहाच ब्लाइंडइतक्या चिप्स उरल्या असतील तर गणित वेगळं. तिथे पहिल्यांदा आपणच ऑल-इन मारलं (सगळ्या चिप्स लावल्या) तर समोरचे सोडूही शकतात आणि एक्का-राजाने कॉल केलाच तरी आपण बरोबरीच्या किंचित पुढे असतो. पण दुसऱ्याच्या ऑल-इनला याच जोडीने कॉल करणं म्हणजे बहुतेक वेळा निम्मा-निम्मा जुगार, आणि समोर मोठी जोडी निघाली तर पाचात एकदाच वाचणार.

पुढच्या रविवारी त्या वाक्याची दुरुस्ती छापता आली तर बघा, जागा कमी असेल तर नुसतं "मोठी" हा शब्द जोडीच्या आधी टाकला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक