दमदमच्या तबकड्या

लंडन, रविवार

ती. अण्णांना शिरसाष्टांग नमस्कार.

माळ्यावरच्या रेकॉर्डी दिवाळीआधी भंगारात द्यायच्या, असं आई फोनवर म्हणाली. कृपा करून थोडं थांबा.

माझं खूळ तुम्हाला ठाऊकच आहे. सुट्टी मिळाली की सोहोतल्या बर्विक स्ट्रीटवरची रेकॉर्डची दुकानं धुंडाळतो. रविशंकरांची १९५६ साली इथेच, लंडनमध्ये रेकॉर्ड झालेली एलपी हवी आहे, पण चांगल्या स्थितीतली काही सापडत नाही. इथले मुरलेले लोक कव्हरवर भाळत नाहीत. तबकडी बाहेर काढतात, दिव्याखाली तिरपी धरतात आणि लेबलाभोवतीची गुळगुळीत पट्टी वाचतात. तिथे बारीक आकडे-अक्षरं असतात. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या हेज इथल्या कारखान्यातल्या तबकड्यांवर तर गंमतच आहे. ज्या साच्याने तबकडी छापली त्याचा क्रमांक अक्षरांत असतो: जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, असं करत डी म्हणजे शून्य. ‘ग्रामोफोन लिमिटेड’मधलीच ही दहा अक्षरं. नुसता जी, म्हणजे पहिला साचा, दिसला की दुकानदार भाव चढवतो. मला काही त्याने आवाजात फरक जाणवत नाही, पण हौसेला मोल नाही!

मी भारतातला कळल्यावर एका दुकानदाराने विचारलं, “घरी बीटल्सच्या ७८ स्पीडच्या आहेत का?” म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या. मला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच आहे. इंग्लंडमध्ये ७८ च्या तबकड्या १९६० च्या सुमारास बंद झाल्या. आपल्याकडे कितीतरी घरांत वीज नव्हती, चावीचे फोनो चालू होते, त्यामुळे कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात बीटल्ससुद्धा ७८ वर निघाले. आता इंग्रजच त्यांच्यासाठी जीव टाकतात.

आपल्याकडे बीटल्स कुठले, म्हणाल. पण मामांनी चोर बाजारातून पेटीभर रेकॉर्डी एकगठ्ठा उचलल्या होत्या, त्यात इंग्रजीही होत्या ना? ‘पार्लोफोन’ हे बीटल्सचं लेबल दिसतंय का तेवढं बघा. छोटीला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवायला सांगा, लेबलाभोवतीची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. नाही निघाल्या तरी बाकीच्या मला हव्यातच. बालगंधर्वांच्या तर कुणाला हातही लावू देऊ नका.

महत्त्वाचं म्हणजे जुन्या ७८ च्या स्पिरिटने पुसू नका, त्या लाखेच्या असतात, विरघळतील. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, तेही गोल फिरवत. आणि एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. माळ्यावर पत्र्याची धग लागते, तेव्हा खालच्या खोलीतल्या कपाटात हलवा. पेटी जड आहे, तुम्ही उचलू नका, शेजारच्या पोराला हाक मारा.

आईला नमस्कार, छोटीला आशीर्वाद. तिळाच्या चटणीचं पार्सल पोचलं.

आपला,
बाळू