विषय: नव्या इलेक्ट्रिक मोटरसायकलबद्दल तुम्ही मागवलेलं माझं 'मोलाचं मत'

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख
(आणि त्यांच्या वर कोणी ऐकणारं असेल तर तेही)

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या कॉल सेंटरने माझी तक्रार 'समाधानकारकरीत्या सोडवून' बंद केली. तसा मेसेज आला. त्याच्यापाठोपाठ दुसरा आला, की कंपनी नवीन मोटरसायकल काढतेय आणि तिच्यात काय काय हवं हे जुन्या ग्राहकांनी कळवावं. लिंक उघडली. पहिला प्रश्न: गाडीतून कोणता आवाज यावा? खाली चार नमुने, दाबले की वाजतात. दुसरा प्रश्न: दिव्यांचा रंग मूडप्रमाणे बदलावा का? तिसरा: स्क्रीन अजून मोठा चालेल का? सगळ्यात खाली 'इतर' म्हणून एक चौकोन, त्यात शंभर अक्षरं मावतात. माझं 'इतर' तेवढ्यात मावत नाही, म्हणून हे पत्र.

गाडीचा नंबर, चासी नंबर, तक्रार क्रमांक सोबतच्या कागदांवर आहेत. गाडी कोणती, बॅटरी किती युनिटची, कंट्रोलर कोणता हे मी तुम्हाला सांगत बसत नाही, तुम्हीच बनवलीय.

आधी कालचा फोन. 'मराठीसाठी तीन दाबा' म्हणाले म्हणून तीन दाबलं, पुढे हिंदी आली. ठीक आहे, सवय आहे. मी सांगितलं की साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात, बॅटरी वीस टक्क्यांच्या आत येताच, गाडीने एकदम दम सोडला. पन्नासवरून थेट पंचविसावर. पाठीमागे एसटी, बाजूला कठडा, मागच्या सीटवर बायको. आधी सूचना नाही, आवाज नाही, काही नाही. स्क्रीनवर कासवाचं चित्र आलं फक्त. हे सगळं ऐकून घेऊन तुमचे गृहस्थ म्हणाले,

"सर, गाडीवर किती जण होते?"

"दोघं. मी आणि मिसेस."

"मॅडमचं अंदाजे वजन किती असेल?"

फोन स्पीकरवर होता. मिसेस समोरच मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. मी विचारलं, "काय म्हणालात?" म्हटलं, एखाद्याची जीभ घसरते. तर त्यांनी पुन्हा विचारलं, सावकाश, मला ऐकायला कमी येत असावं अशा बेताने: "सर, पिलियनचं वजन. सिस्टिममध्ये भरावं लागतं."

मी म्हटलं, गाडीच्या कागदावर दोन माणसांची परवानगी आहे, त्यात वजन विचारायचं कारण काय? तर म्हणाले, "सर, रेंज ही आयडियल कंडिशनची असते. एक रायडर, ईको मोड, सपाट रस्ता. घाट त्यात येत नाही." मी म्हटलं, मग सातारा जिल्ह्यात शोरूम कशाला थाटलं? इकडे पुण्याला निघालं तरी खंबाटकी, तिकडे महाबळेश्वरला निघालं तरी पसरणी किंवा केळघर, आणि कासला जायचं तर घराबाहेर पडताक्षणी यवतेश्वर. सपाट रस्ता राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंतही नाही. त्यावर उत्तर आलं, "सर, तुम्हाला टेक्निकल गोष्ट समजावतो. मोटरवर लोड आला ना, की ती गरम होते."

महोदय, माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी उघडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. वार्निशच्या वासावरून वाइंडिंग किती वेळ ओव्हरलोडवर चाललं ते सांगतो. लोड आला की मोटर गरम होते हे ज्ञान मला तुमच्या कंपनीकडून मिळालं, त्याबद्दल मी आजन्म ऋणी राहीन. शेवटी गृहस्थांनी विचारलं, "अजून काही मदत करू शकतो का?" मिसेसनी मेथीचं ताट उचललं आणि आत गेल्या. तेव्हापासून त्या गाडीवर बसलेल्या नाहीत. हे तुमच्या सिस्टिममध्ये कुठल्या रकान्यात भरता येतं का, पाहा.

आता तुमच्या नव्या गाडीत काय हवं ते.

रेंजचा, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती जाते त्याचा, खरा आकडा हवा. जाहिरातीतला आकडा इंडियन ड्रायव्हिंग सायकलवर मोजलेला असतो आणि त्या चाचणीत कमाल वेगच ताशी ४२ किलोमीटर आहे, हे तुमच्या इंजिनीअरांना पाठ असणार. ग्राहकाला ते कोण सांगतं? ४५च्या जागी ६०ने गेलं की नुसता वाऱ्याचा विरोध पावणेदोन पट होतो. ते एक वेळ सोडून देऊ. घाटाचं गणित तर शाळेतलं आहे. गाडी, दोन माणसं मिळून २८५ किलो धरा, साताऱ्यातून कास पठारापर्यंत साधारण पाचशे मीटर चढ धरा. उंची चढायलाच लागते ०.४ युनिट, तोटा धरून अर्धा. चार युनिटच्या बॅटरीत ते आधीच सांगता येण्यासारखं आहे. तुमच्या स्क्रीनवर नकाशा आहे, नकाशात घाट आहे, आणि तरीही आकडा मागच्या दोन-चार किलोमीटरवरून अंदाज बांधतो. म्हणून पायथ्याशी ६० किलोमीटर दाखवतो आणि माथ्यावर ३०. उतरताना रिजनने, म्हणजे मोटर जनरेटरसारखी चालून, बॅटरीत थोडं परत येतं, तेव्हा पुन्हा आकडा आनंदाने उड्या मारतो. असला आकडा दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा.

आणि पॉवर कापायचीच असेल, बॅटरी वाचवायला कापावी लागते हे मला मान्य आहे, तर हळूहळू कापा. तीस टक्क्यांपासून सांगायला लागा. घाटात चढावर असताना एकदम अर्ध्यावर आणू नका. कासवाचं चित्र पाठीमागच्या एसटीच्या ड्रायव्हरला दिसत नाही.

मागच्या चाकात हब मोटर नको. हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. चाकातल्या मोटारीला सस्पेन्शन नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट तिच्या बेअरिंगला बसतो, आणि आमच्याकडचे खड्डे तुम्ही कधी बघायला आला नाहीत. मोटर गाडीच्या मधोमध बसवा, चेन द्या नाहीतर बेल्ट द्या. माझ्या गाडीचं मागचं टायर बदलायचं होतं तर पोवई नाक्यावरच्या टायरवाल्याने तीन जाड वायरी बघितल्या, तुमचा 'उघडल्यास वॉरंटी रद्द' स्टिकर बघितला आणि हात जोडले. एका टायरसाठी गाडी टेंपोत घालून पुण्याला. टेंपोचं भाडं टायरपेक्षा जास्त.

चार्जिंग पोर्टचं झाकण. यावर मी आधीही लिहिलंय, पुन्हा लिहितो. रबरी झाकणाची जीभ पहिल्याच पावसाळ्यात तुटली. सर्व्हिस सेंटरने सुटा भाग मागवला. तो अजून येतोय. तोवर 'तात्पुरती सोय' म्हणून तिथल्या पोराने पोर्टवर दुधाची रिकामी पिशवी बांधली आणि वर रबर बँड लावला. जॉब कार्डवर लिहिलं: काम पूर्ण. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलंय, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. उत्तम. पण मी बॅटरी घेऊन पोहायला जात नाही, मी साताऱ्याच्या पावसात गाडी चार्जिंगला लावतो, आणि तिथं तुमचं संरक्षण म्हणजे अर्ध्या लिटरची पिशवी.

टचस्क्रीनही त्याच पावसातला. थेंब पडला की मोड बदलतो, ओल्या बोटाने मात्र काही होत नाही. उन्हात तर काही दिसतच नाही, हाताचा आडोसा करून टक्केवारी वाचावी लागते. तुम्ही विचारता अजून मोठा चालेल का. बटणं द्या हो! हातमोजे घालून दाबता येतील अशी साधी, जाड बटणं. आणि चावी द्या. बामणोलीला पंप बघायला गेलो होतो. खाली कोयनेचं पाणी, मोबाइलला नेटवर्क नाही, आणि अ‍ॅप म्हणतं पुन्हा लॉगिन करा. गाडी समोर उभी, बॅटरी भरपूर, मालक हजर, पण लॉगिन नाही. गावातल्या एका पोराने टेकडीवर नेऊन एका कोपऱ्यात उभं केलं तेव्हा ओटीपी आला. त्यात पहिलं वर्ष सरल्यावर याच अ‍ॅपचे वर्षाला वेगळे पैसे मागता.

चार्जरचा पंखा वॉरंटी संपल्यावर पंधरवड्यात बंद पडला. साडेसातशे वॅटचा चार्जर, चार युनिट भरायला सहा तास घेतो, त्याला बाहेरून टेबल फॅन लावून वापरतोय. चार्जिंगची गन तुमची निराळी. हलक्या वाहनांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये आयएस १७०१७ मध्ये जोडणीचं एक देशी मानक ठरवून दिलंय. ते वापरा. कुठल्याही पंपावर कुठल्याही कंपनीच्या गाडीत पेट्रोल भरता येतं, तेवढंच मागतोय.

बॅटरीची तब्येत मला दिसायला हवी. चार्जिंगच्या किती सायकल झाल्या, मूळ क्षमतेतली किती उरली. वॉरंटीत लिहिलंय ७० टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देऊ, आणि किती आहे ते विचारलं तर सर्व्हिस सेंटर म्हणतं, 'ते फक्त कंपनीला दिसतं.' म्हणजे परीक्षा तुमची, पेपर तपासणार तुम्ही आणि निकालही तुमच्याच खिशात. सेल कुठले घालताय तेही छापा. २०२२ मध्ये गाड्या पेटल्यावर बॅटरीच्या सुरक्षेचं मानक, एआयएस १५६, कडक झालं ते उगीच नाही. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल घाला, थोडं वजन वाढलं तरी चालेल. तेवढी मिसेसच्या वजनातून वजावट धरा.

हे लिहायचं नव्हतं. राहू दे.

अजून किरकोळ: सेंटर स्टँड द्या, मागच्या माणसाला धरायला नीट पकड द्या, हत्यारांची पिशवी अडकवायला हुक द्या. ह्या गोष्टी साध्या पेट्रोलच्या गाड्यांत वर्षानुवर्षं मिळत आल्यात. आणि ते पोर्टचं झाकण. पुन्हा सांगतो, झाकण.

वाईट याचं वाटतं की गाडी मनापासून घेतली होती. १ जून २०२३पासून सरकारी अनुदान बॅटरीच्या युनिटमागे १५,००० वरून १०,००० रुपये झालं, तेव्हा नवी किंमत तुमच्या वेबसाइटवर लगोलग झळकली. सुट्या भागांना हा वेग का येत नाही कळत नाही. तरीही वाढीव भावाने घेतली, कारण मोटर माझा विषय आहे. गल्लीत दोघांना घ्यायला लावली. आता ते दोघं मला दुकानासमोरून जाताना हाक मारत नाहीत. मोटर अजूनही मला आवडते, खोटं कशाला बोला. सकाळी थंड असताना कासच्या रस्त्याला ती जशी ओढते तसं पेट्रोलचं इंजिन ओढत नाही. बाकी सगळं तिच्याभोवती तुम्ही उभं केलेलं आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं, नाव आणि हुद्द्यासह. झाकण, चार्जर, आणि बॅटरीच्या क्षमतेचा छापील अहवाल, तिन्ही. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या गावी दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. म्हणजे मला पायी जाता येईल, तुमच्या वकिलाला मात्र घाट चढून यावं लागेल. एकटाच आला तर बरं, रेंज पुरेल.

कृपया फोन करू नये.

आपला ग्राहक (सध्या तरी)

सोबत: जॉब कार्डांच्या प्रती, तक्रार बंद केल्याचे मेसेज, टेंपोची पावती, पिशवी बांधलेल्या पोर्टचे फोटो.