अ‍ॅटलस तीन मिनिटांत का पडतो

जळगाव

प्रिय भूषण,

तुझ्या अ‍ॅटलसच्या मांडणीचा स्क्रीनशॉट मिळाला. मेकवॉरियर ऑनलाइन या खेळात १०० टनांचा मेक, म्हणजे अवाढव्य लढाऊ यंत्रमानव, घेऊनही तू तीन मिनिटांत का पडतोस, याचं निम्मं उत्तर त्या चित्रातच आहे.

आधी ते एक्सएल इंजिन काढ. खेळातल्या इनर स्फिअर या गटाचं एक्सएल हलकं असतं, कारण ते दोन्ही बाजूंच्या टॉर्सोत, म्हणजे धडात, पसरलेलं असतं. त्यातली एक बाजू फुटली की मेक खलास. अ‍ॅटलसच्या बाजू इतक्या रुंद आहेत की नवख्याचाही नेम चुकत नाही. स्टँडर्ड इंजिन घातलंस तर दोन्ही बाजू आणि त्यांच्यासोबत दोन्ही हात गेले तरी तू उभा राहशील. लाइट फ्यूजन इंजिन हा मधला मार्ग: एक बाजू गेली तरी चालतो, पण वेग घटतो आणि गरमीही वाढते.

मग आर्मर, म्हणजे चिलखत. मधल्या टॉर्सोला पुढचं-मागचं मिळून १२४ गुण मिळतात. त्यातले ४० तू पाठीला दिलेस, म्हणजे तेवढे छातीवरून काढलेस. मागे १०, पुढे ११४ कर. बाजूंच्या ८४ पैकी मागे ८ पुरे. एका टनात ३२ गुण बसतात, म्हणून शस्त्रासाठी आर्मर कापायचा मोह होतो. कापू नकोस. रिकाम्या हाताचंही नाही, कारण ढाल म्हणून तोच कामी येतो.

खरी गोम टॉर्सो फिरवण्यात आहे, भो. सगळा मार एकाच जागी बसला तर त्या ११४ गुणांचा फडशा पडायला वेळ लागत नाही. तोच मार छाती, दोन्ही बाजू आणि हातांवर वाटला गेला तर तू कितीतरी जास्त टिकतोस. गोळी सुटली की लगेच टॉर्सो वळव. एसी-२० तोफ पुन्हा भरेपर्यंतची चारेक सेकंदं शत्रूला छाती दाखवायची गरजच नसते. समोरून लेसरची रेघ अंगावर आली की तेव्हाही वळ, म्हणजे ती एका जागी न जळता अंगभर फिरते. तुझ्या स्वतःच्या लेसरची अडचण नेमकी उलटी: मीडियम लेसरला जवळपास सेकंदभर नेम धरून ठेवावा लागतो आणि तेवढा वेळ तू उघडा पडतोस. म्हणून जवळच्या मारामारीत अ‍ॅटलसला एसी-२० आणि एसआरएम (जवळच्या पल्ल्याची क्षेपणास्त्रं) शोभतात. मारलं की मोकळा. एक बाजू कायमची मार खाण्यासाठी ठेव आणि जड शस्त्रं दुसरीकडे लाव.

आता वेग. इंजिनाच्या आकड्याला १६.२ ने गुणून मेकच्या टनांनी भागायचं. ३०० च्या इंजिनावर तुला ताशी ४८.६ किलोमीटर मिळतात, म्हणजे सेकंदाला साडेतेरा मीटर, तेही पूर्ण वेग पकडल्यावर. उलटं जाताना त्याहून कमी. म्हणून आडोशापासून ३० मीटरवर लढायला उभा राहिलास तर परतताना निदान तीन-चार सेकंद मार खाणार, हे आधीच धरून चाल. छाती शत्रूकडे असली तरी पाय आडोशाच्या दिशेने ठेव. म्हणजे पुढचा वेग वापरून आत शिरता येतं. आणि टेकडीवरून डोकावू नकोस. एसी-२० कमरेशी आहे. ती वर यायच्या आत अख्खं धड दिसतं. कोपऱ्यावरून, शस्त्राची बाजू पुढे करून निघ.

सामना सुरू झाल्यावर थांबून नकाशा बघत बसायचं नाही, चालता चालता बघायचा. बारा जणांचा कळप गोल फिरायला लागला की हळू मेक शेपटाला उरतात आणि शत्रूचे लाइट, म्हणजे हलके चपळ मेक, त्यांनाच फाडतात. वळण बाहेरून घेऊ नकोस, आतून काप. मागे राहतोयस असं दिसलं तर लगेच माईकवर सांग. लाइट पाठीशी आलाच तर त्याच्यामागे गरगर फिरू नकोस. भिंतीला पाठ लाव, पायावर मार. एक पाय गेला की तो लंगडतो.

एलआरएमपासून (लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांपासून) वाचायला उंच आडोसा आणि एक एएमएस (क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी यंत्रणा) पुरे. इनर स्फिअरच्या एलआरएम १८० मीटरच्या आत काम करत नाहीत, म्हणून मारणारा जवळ असेल तर सरळ अंगावर जा.

गरमीचं भान ठेव. टेरा थर्मा हा नकाशा म्हणजे मे महिन्यातलं भुसावळ. तिथे सगळी शस्त्रं एकाच बटणावर ठेवलीस तर उघड्यावर बंद पडशील. शस्त्रांचे दोन गट कर. सर्व्हर निवडताना ज्याला पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) कमी त्याच्यावरच खूण ठेव. पिंग जास्त असेल तर आडोशाकडे अर्धा सेकंद आधीच वळायला लाग.

एक मात्र करू नकोस: हे सगळं वाचून मागे ९०० मीटरवर लपून बसणं. संघातलं सर्वांत जाड आर्मर तुझ्याकडे आहे. ते न वापरता शेवटी एकटा उरलास तर आठ जण मिळून तुला सोलतील, आणि तो टिकाव काही कामाचा नाही. सामना रंगात आला की दोन-तीन साथीदारांसोबत पुढे हो, थोडा मार घे, आत ये, दुसरी बाजू दाखव.

नवी मांडणी आधी टेस्टिंग ग्राउंडमध्ये चालवून गरमी बघ आणि रविवारच्या आत आकडे कळव. रात्री लाईट राहिली तर एकाच गटात उतरू. मावशी-काकांना नमस्कार.

तुझा,
योगेश