माठ, पोफळी आणि तुझा भूगोलाचा पेपर

श्रीवर्धन,
सोमवार, रात्री

चि. रेवा हिस अनेक आशीर्वाद.

आत्याने तुझ्या उत्तरपत्रिकेचा फोटो पाठवला. गणिताबद्दल काही बोलत नाही, पण भूगोल बघून हसूही आलं आणि रागही. "वादळाच्या डोळ्यात वारा शांत असतो." एवढी एक ओळ लिहून तू पुढच्या प्रश्नावर गेलीस! अगं, तू त्या डोळ्यात, वादळाच्या मधल्या शांत भागात, बसली होतीस.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा तू माजघरात आजीच्या कुशीत, कानांत बोटं घालून होतीस. सकाळपासून वारा डोंगराच्या अंगाने सुटलेला. वाडीतल्या पोफळी समुद्राकडे अशा ओणवायच्या की शेंडे जवळजवळ गडग्याला टेकायचे. दुपारी एकाएकी सगळं थांबलं. आजी म्हणाली, "गेलं बाई एकदाचं." बाबा कौलं सारखी करायला शिडी लावून चढले, तर शेजारचे भाऊकाका त्यांच्या पडवीतून ओरडले, "उतरा खाली, अजून निम्मं यायचंय!" उभा जन्म मचव्यावर गेलेला माणूस. बाबा उतरले, आणि थोड्याच वेळात वारा आला तो समुद्राकडून. पहिल्या फेरीत मुळं सैल झालेल्या पोफळी दुसऱ्या फेरीत आडव्या झाल्या. संध्याकाळी मोजल्या, तीनशेतल्या चाळीस उभ्या.

आता हे असं का झालं, ते तुला लिहिता यायला हवं होतं. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. ते नैर्ऋत्येकडून किनाऱ्यावर चढलं, म्हणून त्याच्या पुढच्या कडेचा वारा आपल्याला आग्नेयेकडून लागला आणि केंद्र सरकल्यावर मागच्या कडेचा वायव्येकडून. कागदावर एक वर्तुळ आणि चार बाण काढ, बघ पटतं का. हरिकेन, टायफून, चक्रीवादळ यांत तू उगाच गोंधळलीस. अटलांटिकात हरिकेन, पॅसिफिकच्या वायव्येला टायफून, आपल्याकडे चक्रीवादळ. जात एकच. 'सायक्लोन' हा शब्दसुद्धा कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या माणसाने १८४८च्या आपल्या पुस्तकात तो सापाच्या वेटोळ्यावरून दिला.

पण तू म्हणालीस ना, "चक्रीवादळं आणि शहरातलं उष्णतेचं बेट हे दोन धडे एकामागोमाग का दिलेत, एकाचा दुसऱ्याशी संबंध काय?" तो प्रश्न मात्र मला आवडला. दोन दिवस भांडी घासताना तोच डोक्यात होता.

आपला माठ आठव. पाणी पाझरतं, वाळतं आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जातं. (आपल्या दमट हवेत तो पुण्याइतका गार होत नाही, यावरून आजी अजून कुंभाराला बोल लावते.) समुद्र साधारण २६-२७ अंशांच्या वर तापला की तेच होतं, फक्त अफाट. वाफ उष्णता घेऊन वर जाते, वर ढग होताना ती उष्णता सोडते, हवा आणखी वर चढते, खालून नवी ओढली जाते. वादळाचा चुलाणा यावर पेटतो. जमिनीवर आलं की खालचं पाणी तुटतं, जमिनीचं घर्षणही लागतं आणि ते विझत जातं.

शहरात याच्या उलट. भोवतालच्या गावांपेक्षा शहर उबदार राहतं, म्हणून त्याला उष्णतेचं बेट म्हणतात. तिथे वाळायला पाणीच नाही. माती फरशीखाली, झाडं कापलेली, पाऊस पडला की गटारात. मग ऊन जातं कुठे? भिंतीत. मे महिन्यात मी आत्याकडे आले होते तेव्हा रात्री अकराला गच्चीच्या कठड्याला टेकले आणि दचकून बाजूला झाले, तवाच तो. तू लिहिलंस "शहरात दुपारी जास्त गरम होतं." तिथेच मार्क गेले. खरा फरक रात्री दिसतो. लंडनला ल्यूक हॉवर्ड नावाचे औषधं बनवणारे गृहस्थ होते, ढगांना नावं देणारे तेच. त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी वर्षानुवर्षं नोंदी ठेवून दाखवलं की रात्री शहर भोवतालच्या गावांपेक्षा सुमारे २ अंशांनी उबदार असतं, आणि दिवसा उलट किंचित गारच. पुण्यातही थंडीत वर्तमानपत्रातलं तापमान बघत जा. शिवाजीनगरचा पहाटेचा आकडा आणि मगरपट्ट्याचा आकडा शेजारी शेजारी ठेव.

एक गोष्ट मात्र पुस्तकात मिळणार नाही. निसर्गनंतर कौलं मिळेनात म्हणून आपण पत्रे घातले, आणि पोफळींची सावली तर गेलेलीच. तेव्हापासून दुपारी ओटीवर बसवत नाही. म्हणजे वादळाने आपल्या घरापुरतं एक उष्णतेचं बेट करून ठेवलं. पण पूर्ण तेही नाही! पत्रा पातळ, दिवेलागणीनंतर लगेच निवतो. आत्याचा स्लॅब पहाटेपर्यंत ऊब सोडत राहतो. हा फरक का, ते मला शनिवारी फोनवर सांग. बाबांनाही विचारलंय, ते टाळतायत.

नव्या पोफळींपैकी पाटाकडच्या चारांना पोय, म्हणजे फुलोरा, आलीय. पत्र्यावर सध्या झावळ्या टाकल्यात, दुपारी बराच फरक पडतो. बाबा म्हणतात, पुढच्या उन्हाळ्यात परत कौलं घालू. मी म्हटलं, आधी भाव विचारून या.

तुझी,
आई