दोनदा लावलेलं विरजण

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

सांगलीहून परतून आठ दिवस झाले, पण ते दुधाचं पातेलं डोळ्यांपुढून हलत नाही. आई, तू विरजण लावलंस, ओटा पुसलास आणि पाच मिनिटांनी पुन्हा चमचाभर दही घेऊन त्याच पातेल्याशी उभी राहिलीस. "लावलंस की मघाशी," असं मी म्हटलं, तर तू हसून माझ्या लहानपणीची गोष्ट सुरू केलीस. ती इतकी रंगवलीस की मीही पातेलं विसरले.

खरी गोम तिथंच आहे. शब्द लक्षात ठेवण्यात बायका सरासरीने पुरुषांपेक्षा सरस असतात. विसराळूपणाच्या चाचण्याही बऱ्याचशा शब्दांच्याच असतात. त्यामुळे अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा नेहमी आढळणारा आजार, सुरू झालेला असला तरी बाई निभावून जाते, आणि कळेपर्यंत आजार पुढे गेलेला असतो. मागच्या खेपेला डॉक्टरांनी "वयाचं आहे" म्हणून आपल्याला परत पाठवलं, ते मला म्हणूनच पटलेलं नाही. बाबा, "साठी बुद्धी नाठी" म्हणून तुम्हीही सोडून देऊ नका.

आपल्याकडे साठीपुढच्या माणसांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे आकडे २०२३ मध्ये आले. स्मृतिभ्रंश बायकांत ९ टक्के, पुरुषांत ५.८. बायका जास्त जगतात म्हणून, असं म्हणतात. पण तेवढ्यानं सगळा फरक भरून निघत नाही. शिक्षण कमी मिळणं हासुद्धा धोका धरतात. आई, मामाच्या शिक्षणापायी सातवीत तुझी शाळा सुटली. हे वाचताना मला फार लागलं गं.

आजीलाही शेवटी हेच झालं होतं. अल्झायमरचा धोका वाढवणारा एपीओई-४ नावाचा जनुकाचा एक प्रकार असतो, तो अंगात असला तर ६५ ते ७५ या वयात बायकांना पुरुषांपेक्षा जास्त जाचतो. तू आता ६८ ची. तुझ्यात तो आहे की नाही ठाऊक नाही, पण वाट बघत बसायला नको. आणि कुणी सांगितलं म्हणून पाळी गेल्यावर देतात त्या हार्मोनच्या गोळ्या घेऊ नकोस. पासष्टीपुढच्या बायकांना त्या देऊन अमेरिकेत पाहिलं होतं. २००३ मध्ये निकाल आला, स्मृतिभ्रंश उलट वाढला होता.

बाबा, तुम्हीही यातून सुटला नाहीत. बीपी वाढलेलं राहिलं की मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होतात आणि स्मरणशक्तीला त्याचा फटका बसतो. गोळी चुकवू नका, तंबाखू सोडाच. आईचे कानही तपासून घेऊ. टीव्हीचा आवाज किती वाढलाय! कमी ऐकू येणं हासुद्धा या आजाराचा एक धोका धरतात आणि कमी ऐकू येण्यावर मशीनचा उपाय आहे.

मी शुक्रवारी येते. मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली आहे. तोवर बाबा, आई काय विसरते ते तारखेनिशी वहीत लिहा. आत गेल्यावर तिला बोलू द्या, पण तिच्या गोष्टीत रमू नका. विरजणाचं तुम्हीच सांगा.

तुमची,
मनू