गाणं पाठवताना त्यातली जागाही सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या पुस्तकांची ओळख येते, चित्रपटांचं परीक्षण येतं. मी दोन्ही नेमानं वाचते. गाण्यावर मात्र एखादा कलाकार गेला किंवा कुणाला पुरस्कार मिळाला, तरच काही छापून येतं. एरवी काय ऐकावं हे आम्ही ऐकणारी माणसं एकमेकांनाच विचारतो. त्याविषयी मला थोडं लिहायचं आहे आणि शेवटी एक विनंती करायची आहे.

मी एकतीस वर्षं घरी शिवणकाम करते. मशीन चालू असलं की आलाप पार बुडून जातो, ठेका तेवढा कानावर येतो. त्यामुळे माझ्या ऐकण्याचे आपोआप दोन भाग पडले. मशीनवर बसले की लयीची गाणी, आणि काजं, बटणं, तुरपाई हातात घेतली की बाकी सगळं. कपडे शिवायला टाकणाऱ्यांना हे ठाऊक झालं. माप देता देता कुणी म्हणायचं, ‘हे ऐकलंयस का?’ विसरायला नको म्हणून मी मापाच्या वहीची शेवटची पानं त्यासाठी राखून ठेवली. पुढून छाती, कंबर, बाही, आणि वही उलटी केली की गाणी. अशा चौदा वह्या साठल्या आहेत.

गेल्या महिन्यात त्या सगळ्या काढून बसले, तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. जिथं नुसतं नाव लिहिलंय, अमक्याचं तमकं गाणं, ती बहुतेक मी ऐकलेलीच नाहीत. कुणी सांगितलं, का सांगितलं, काही आठवत नाही. पण नावापुढं आणखी चार शब्द आहेत, ती जवळजवळ सगळी ऐकली आहेत. सहाव्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते: ‘मारवा. दुसरी बाजू. मशीन बंद कर. समेच्या आधी थांबतो ते ऐक.’

मारवा रागाची ही रेकॉर्ड मला एका शिक्षिकेनं सांगितली होती. त्या गायकाचा आवाज मला पहिल्यांदा खरखरीत वाटला आणि दोन वेळा मी रेकॉर्ड अर्ध्यावर बंद केली. तिसऱ्या वेळी काजं करत होते. तान घेत तो समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे येतो आणि एक मात्रा अलीकडे गप्पच होतो. सम एकटा तबला दाखवतो. माझी सुई कापडात तशीच राहिली. उठून पुन्हा तिथंच सुई टेकवली, यावेळी रेकॉर्डवरची. बाईंनी ‘फार छान गातो, जरूर ऐक’ एवढंच सांगितलं असतं, तर त्या गायकाला मी जन्मभर मुकले असते. त्यांनी मला जागा सांगितली. मराठीत हा किती नेमका शब्द आहे! गाण्यात कलाकार जागा घेतो आणि ऐकणारा तिथंच दाद देतो. मग दुसऱ्याला गाणं सुचवताना नेमकी तीच आपण का गाळतो?

आणि नाव पुरतं सांगायला हवं. १९०२ साली गायिका गौहर जान यांचं गाणं कलकत्त्यात मुद्रित झालं, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत म्हणत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या लोकांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं, म्हणून ही सोय होती. गाणं नावापासून सुटं झालं की ते हरवतं, हे तेव्हाच्या लोकांनाही कळत होतं. आज मला फोनवर ‘अप्रतिम भीमपलास’ एवढ्याच ओळीनं दुवा येतो. एकाच गायकाचा एकच राग मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत असतो, आणि पुढं लाँग प्लेवर तोच वीस-बावीस मिनिटांचा. दोन्ही निराळ्या चीजा आहेत म्हटलं तरी चालेल. त्यातली कोणती ऐकायची? जुन्या मंडळींपैकी काही जण लेबलवरचा क्रमांकसुद्धा सांगायचे. तेव्हा मला तो अतिरेक वाटायचा, आता वाटत नाही. साथीला कोण आहे हे तर बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. जुन्या तबकड्यांवरही साथीदारांची नावं क्वचितच असत. एखादा सारंगीवाला गाण्याचं सोनं करून गेला, आणि आपण त्याला नावानं हाक मारू शकत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॅसेटच्या दिवसांत सुचवणाऱ्याचा वेळही त्या गाण्याबरोबर यायचा. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. रेकॉर्डवरून ती भरायची तर पंचेचाळीस मिनिटंच बसावं लागायचं, घाई करायला वाव नव्हता. कशामागून काय, हे आधी कागदावर लिहायचं. शेवटी तीन मिनिटं उरली, तर तेवढ्यात पुरं होईल असं काय आहे ते शोधायचं, कारण गाणं मध्येच तुटलं तर घेणाऱ्याच्या जिवाला चुटपुट. आणि सगळं मनासारखं झालं की वरची दोन प्लास्टिकची खुंटं मोडून टाकायची, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरं भरणार नाही. कुणीतरी आपल्यासाठी इतका वेळ बसलंय हे माहीत असल्यावर ती कॅसेट न ऐकता ठेवायची हिंमत व्हायची नाही.

माझी एक रेकॉर्ड मात्र एकांनी नेली आणि उन्हात ठेवून वाकडी करून परत दिली. ते दुःख अजून आहे, पण म्हणून देणं थांबवलं नाही.

आता हवं ते क्षणात ऐकता येतं, आणि माझ्यासारखीला हे फार मोठं सुख आहे. फोन पुढचं गाणंही आपणहून सुचवतो. माझ्यासारखं ऐकणाऱ्या इतरांनी आणखी काय ऐकलं, याचा हिशेब मांडून तो पुढचं नाव काढतो. बरेचदा बरं निघतं. पण ‘पहिली दोन मिनिटं कंटाळशील, तरी उठू नकोस’ हे तो म्हणत नाही. ते ज्यानं स्वतः कंटाळून, तग धरून ऐकलं आहे, त्यानंच सांगावं.

हे सगळं वयामुळं बोलते आहे असं कुणी समजू नये. कॉलेजातल्या एका मुलीनं मला कुठल्याशा परक्या भाषेतलं गिटारचं गाणं पाठवलं. सोबत लिहिलं होतं, ‘२ मिनिटं १४ सेकंदांना बाकीची सगळी वाद्यं थांबतात, फक्त तिचा श्वास ऐकू येतो. हेडफोन लावून ऐका.’ मी लावले. तो श्वास ऐकला, आणि त्यानंतर पहिला शब्द आला तेव्हा भाषा कळत नसताना डोळे भरून आले. ती नोंद चौदाव्या वहीत आहे, वेळेसकट.

१९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर पृथ्वीवरचं संगीत पाठवायचं ठरलं, तेव्हा सोनेरी तबकडीवर सत्तावीस रचनांना जागा मिळाली. त्यांत आपल्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे पुष्कळांना ठाऊक असेल. ती तिथं पोचली ते रॉबर्ट ब्राउन या संगीताभ्यासकानं नाव सुचवलं म्हणून. भारतीय शास्त्रीय संगीताचं मुद्रित झालेलं सर्वांत सुंदर उदाहरण हेच, असं त्याचं मत होतं. रेकॉर्ड बाजारात मिळेनाशी झालेली होती, ती न्यूयॉर्कमध्ये शोधून काढावी लागली. एका माणसाला एक गाणं मनापासून आवडलं, त्यानं ते ठामपणे सांगितलं आणि ऐकणाऱ्यांनी शोधायचे कष्ट घेतले. आज ते सगळ्या ग्रहांच्या पलीकडे पोचलं आहे.

तर विनंती अशी. पुरवणीत आठवड्यातून एकदा बोटभर जागा वाचकांना द्यावी. एका वाचकानं एकच ध्वनिमुद्रण सुचवावं, दहा नकोत. मी एकदा नणंदेला दहा पाठवली होती, तिनं एकही ऐकलं नाही. कलाकार, साथीदार, माहीत असेल तर साल, आणि ज्या जागेसाठी ऐकायचं ती जागा, एवढं लिहून द्यावं. साठ शब्द पुरतील. राग, भावगीत, पोवाडा, परक्या देशाचं वादन, काहीही चालावं.

माझ्याकडून पहिली नोंद याच पत्रासोबत देते. केसरबाई केरकर, भैरवी. जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. तबकडी संपत आल्याचं दडपण डोक्यावर असूनही आवाजात कुठं घाई सापडते का, ते पाहा. हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.

आपली,
एक नियमित वाचक